यशोदाबाईंचं वजन

प्रेमराज पाटलांच्या घरात त्या वर्षी दोघींची मागची बाजू एकदमच गेली. एक त्यांची गाडी, दुसरी त्यांची आई. गाडी जर्मन होती, आई अमळनेरची.

गाडी पुण्याच्या एका बिल्डरने आधी वापरलेली होती, पण जळगावात ही गोष्ट फक्त प्रेमराजला आणि ती धुणाऱ्याला माहीत होती. दिसायला साधी सेडान. आत मात्र घोडे इतके, की आकाशवाणी चौकात सिग्नल सुटला की शेजारच्या रिक्षातली माणसं आपोआप नमस्कार करत. मागच्या चाकांवर तिला लोखंडी स्प्रिंग नव्हती. रबराचे हवेचे फुगे होते. कॉम्प्रेसर त्यांत हवा भरायचा, सेन्सर उंची बघायचा, आणि मागं कोणी बसो न बसो, गाडी आपली पाठ सरळ ठेवायची. ठिबकच्या नळ्यांची एजन्सी चालवणाऱ्या माणसाला यातलं सगळं कळत होतं. हवा आणि पाणी, फरक एवढाच.

मग डाव्या बाजूचा फुगा गेला. रात्री पोर्चमध्ये नीट उभी केलेली गाडी सकाळी मागून टेकलेली असे. तोंड वर, ढुंगण खाली, दारात भाकरीची वाट बघत बसलेल्या कुत्र्यासारखी. प्रेमराजचा चुलतभाऊ अभिमन रोज सकाळी दूध घ्यायच्या निमित्ताने यायचा आणि विचारायचा, “काय दादा, उठली का बाई?”

हा प्रश्न आपल्याबद्दल आहे असं समजून प्रेमराजची आई यशोदाबाई आतून उत्तर द्यायच्या, “नही रे भो. प्रयत्न करी राहिनू.”

यशोदाबाईंचा डावा खुबा झिजला होता. जळगावच्या डॉक्टरने फोटो काढून सांगितलं होतं की आता औषधाने होणार नाही, खुबा बदलायचा. बदलला की म्हातारी चालेल. प्रेमराजला पैशाची अडचण नव्हती, हे त्याच्या वैऱ्यांनीही कबूल करावं. अडचण सवडीची होती. आधी मार्च आला, मग लग्नसराई, मग पेरणी. शेती विकून बारा वर्षं झाली होती, तरी पेरणीच्या दिवसांत डॉक्टरकडे जाणं त्याच्या जिवावर येई.

म्हातारीला घाई होती ती श्रावणाची. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी घरात कानबाई, खानदेशची देवी, बसायची. सगळी भाऊबंदकी गोळा व्हायची, रोटांचा नैवेद्य व्हायचा, रात्रभर गाणी व्हायची. सोमवारी कानबाई पाटावर बसून गिरणा नदीत विसर्जनाला निघायची ती थोरल्या सुनेच्या डोक्यावर. यशोदाबाई या घरात सून म्हणून आल्या त्या वर्षापासून तो पाट त्यांच्याच डोक्यावर होता. घराण्याची रीत अशी की जिच्याकडे कानबाई आहे तिने आपल्या हाताने दिली तरच दुसरीने घ्यायची. हिसकायची नाही, परस्पर उचलायची नाही. मागच्या वर्षी पुलापाशी त्यांचा पाय मुडपला आणि पाट कलला. देवी पडली नाही, पण बायकांनी डोळे मिटले. त्यानंतर वर्षभर त्यांचं एकच म्हणणं होतं, “यंदा खुबा बदली टाका. एक डाव नीट चालीसन कानबाई पोचाडसू. मंग माले काही नको.”

“करू ना आई,” प्रेमराज म्हणायचा. तो आईशी शुद्ध मराठीत बोलायचा. गाडी घेतल्यापासून.

डावा फुगा गेला तो मात्र आईमुळे, यावर घरात एकमत झालं. यशोदाबाई गाडीत नेहमी डावीकडे मागे बसायच्या. त्यांची सून ज्योती, जी वजन कमी करायच्या क्लासला स्वतः गाडीने जायची, तिने हे पहिल्यांदा लक्षात आणून दिलं. “आईंच्याच बाजूचा कसा गेला हो?” एवढंच ती म्हणाली. चांगली सून कधी आरोप करत नाही. विचारते.

प्रेमराजने धुळ्याला रहीमभाईला फोन लावला. आग्रा रोडवर रहीमभाईचं गॅरेज होतं, आणि नाशिक सोडलं तर या जातीच्या गाड्यांना हात लावणारा या भागात तोच. तो म्हणाला, फुगे मागवून ठेवतो, दोन्ही बाजूचे. बदलल्यावर उंची लावावी लागेल, आणि उंची लावल्यावर मागे वजन ठेवून बघावं लागेल की गाडी उचलते की नाही.

“कसलं वजन?”

“वाळूची गोणी ठेवतो मी मागच्या सीटवर.”

“वाळू?” प्रेमराज ओरडला. “लेदर आहे ते, रहीमभाई! सांडली म्हणजे?”

फोन ठेवून त्याने घरात नजर फिरवली. आई पलंगावर बसून तांदूळ निवडत होती. वाळू सांडते. आई सांडत नाही.

“आई,” तो म्हणाला, “बुधवारी धुळ्याला जाऊ. तिथे हाडाचे डॉक्टर आहेत म्हणे, फार नावाजलेले.”

यशोदाबाईंच्या हातातलं ताट कललं. दुपारपर्यंत सगळ्या भाऊबंदकीला ही बातमी कळली. त्यांनी पिशवी भरली: दोन लुगडी, तांब्या, दात घासायची मिसरी, खुब्याचा फोटो, आणि डॉक्टरीणबाईंना द्यायला कळण्याच्या पापडांची पुडी. ॲडमिट करून घेतलं तर असू द्यावं म्हणून चादरही घेतली. धाकटी जाऊ भागाबाई निरोप द्यायला आली आणि दोघी माहेरवाशिणीला सासरी धाडताना रडतात तशा रडल्या.

गाडी हळूहळू निघाली. एरंडोल, पारोळा. मागची डावी बाजू जमिनीला घासू नये म्हणून प्रेमराजने आईला उजवीकडे बसवलं होतं आणि मधूनमधून म्हणत होता, “हलू नकोस.” प्रत्येक गतिरोधकावर तो डोळे मिटून “आई गं” म्हणायचा. मागून यशोदाबाई म्हणायच्या, “माले काही व्हयनं नही, बेटा. तू गाडी चालाड.”

धुळ्यात पोचल्यावर गाडी शिरली ती टायरांच्या राशीत.

“डॉक्टर कोठे शे?”

“जायचं ना. आधी गाडी लावू.”

गाडी लावली ती लिफ्टवर. रहीमभाई पन्नाशीचा, बोलका, काम करताना शिकवणी घ्यायची सवय असलेला माणूस होता. त्याने म्हातारीसाठी आपली खुर्ची पुसली, वर गादी टाकली, आणि हळूच विचारलं, “भाऊ, अक्कांना कशाला आणलं इतक्या लांब?”

“वजनाला,” प्रेमराज म्हणाला.

रहीमभाईने एकदा म्हातारीकडे पाहिलं, एकदा गाडीच्या कॅटलॉगकडे, आणि कामाला लागला. गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टीत तोंड घालणारा माणूस आग्रा रोडवर टिकत नाही.

चाकं निघाली, जुने फुगे निघाले. डावा अगदी जीर्ण झाला होता, घड्यांमध्ये भेगा पडलेल्या. प्रेमराजने तो हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला.

“किती सोसलं असेल हो याने.”

“दोन्ही बाजूचे एकदमच बदलावे लागतात,” रहीमभाई शिकवणी देऊ लागला. “लोक सांगतात, एकच गेलाय, एकच टाका. अरे बाबा, एक बदलला तर दुसऱ्यावर लोड येतो. दुसरा लंगडायला लागतो. मग चालच बिघडते.”

“बरोबर, बरोबर,” प्रेमराज म्हणाला. “हयगय नको. दोन्ही टाका.”

यशोदाबाई खुर्चीवर कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी डाव्या मांडीवर हात ठेवला, मग उजव्या.

नवे फुगे बसले, नळ्या जोडल्या, साबणाच्या पाण्याने हवा गळते का बघून झालं. प्रेमराज गाडी लगेच खाली घ्या म्हणाला, तर रहीमभाई हात वर करून ओरडला, “अल्ला! आधी हवा भरू द्या. रिकाम्या फुग्यावर वजन टाकलं तर घडी चुकीची बसते, मग जन्मभर तसाच राहतो. सोसत नाही त्याच्यावर वजन टाकायचं नसतं, भाऊ.”

“चुकलो,” प्रेमराज म्हणाला, आणि गाडीच्या पाठीवरून हात फिरवला.

गॅरेजच्या दारातून रस्त्यापलीकडची इमारत दिसत होती. वर मोठी पाटी, पाटीवर हाडांचा सांगाडा, सांगाड्याच्या खुब्यापाशी लाल गोळा. यशोदाबाई शाळेत गेल्या नव्हत्या, पण तो लाल गोळा त्यांना वाचता आला.

“प्रेमराज, तोच दवाखाना शे ना?”

“हो हो. तोच.”

“मंग मी जास तठे. समोरच शे. तू आपलं गाडीनं कर.”

“एकटी कशी जाशील, रस्ता किती मोठा. आता उंची लावायची आहे, पाच मिनिटं.”

उंची लावणं म्हणजे असं की चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजायचं, दोन्ही बाजू, आणि तो आकडा स्कॅनरमधून गाडीला सांगायचा: ही तुझी उभं राहायची रीत. पुढे कितीही ओझं येवो, गाडी ती रीत सोडत नाही. रहीमभाईने मोजलं, सांगितलं, गाडीने ऐकलं.

“आता वजन,” तो म्हणाला.

यशोदाबाईंना धरून मागच्या सीटवर बसवलं. खुबा असा कडाडला की तोंडून आवाज निघाला. गाडी जराशी खाली गेली, क्षणभर थांबली, कॉम्प्रेसर घरघरला आणि मागची बाजू हळूच, अदबीनं वर आली.

“वाह!” प्रेमराजने टाळी वाजवली. “पुन्हा एकदा. आई, उतर.”

त्या उतरल्या. गाडीने फुस्स करून जादा हवा सोडली.

“बस.”

त्या बसल्या.

“जरा धाडकन बस ना, आई. खऱ्यात माणूस धाडकनच बसतो.”

रहीमभाई म्हणाला, “झालं भाऊ, कळलं मला. चांगली उचलते.” पण प्रेमराज मोबाईलवर व्हिडिओ काढत होता आणि आईचा हात मध्ये येत होता. आणखी एकदा. आता उजवीकडून. आता पिशवी मांडीवर घेऊन. मग अभिमनला व्हिडिओ कॉल लावून, “बघ, बघ उठताना.”

यशोदाबाईंच्या कपाळावर घाम होता. सीटला धरून त्या पुन्हा बाहेर आल्या तेव्हा गाडीकडे बघत म्हणाल्या, “हाई गाडी तर उठनी. माले कोन उठाडी?”

“किती गोड बोलता हो आई तुम्ही,” अभिमनच्या फोनमध्ये डोकावून ज्योती म्हणाली.

ट्रायल घेऊन परत येईपर्यंत समोरच्या इमारतीचं शटर अर्धं आलं होतं. प्रेमराज घड्याळ बघून चुकचुकला. “डॉक्टर गेले वाटतं. बघा, तरी मी म्हणत होतो उशीर करू नका.” हे तो रहीमभाईला म्हणाला. पापड गॅरेजमध्येच राहिले. परतीच्या वाटेवर गाडी पाण्यावर चालावी तशी चालली. प्रेमराज पारोळ्यापर्यंत तिच्याबद्दल बोलत होता, आई ऐकतेय, हे त्याने आरशात बघून पक्कं केलं होतं. चादर मात्र त्यांनी पिशवीतून काढून अंगावर घेतली होती, डोक्यापर्यंत.

श्रावण आला. रविवारी कानबाई बसली. पुरणाचा वास गल्लीभर, भाऊबंदकी अंगणभर. कानबाईला नथ घातली, कण्हेर माळली. सोमवारी सकाळी आरती झाली आणि सगळ्या बायका थांबल्या, कारण थोरल्या सुनेला उभं राहता येत नव्हतं.

इथे प्रेमराज पुढे आला. आई चालू शकत नाही तर आपण कानबाईला गाडीने नेऊ, आईच्या मांडीवर बसवून, असं त्याने जाहीर केलं. मागे कितीही बसलं तरी गाडी हलत नाही, पाट कलायचा प्रश्नच नाही. त्याने ही गोष्ट दोनदा समजावून सांगितली, सेन्सरसकट.

“श्रावणबाळ शे हाऊ,” भागाबाई डोळे पुसत म्हणाली.

“त्यानं आईबापाले खांद्यावर नेलतं,” अभिमन म्हणाला, “यानं लेदरवर.” पण व्हिडिओ त्यानेही काढला.

अशी कानबाई निघाली. पुढे डफ, मध्ये गाडी, मागे फुगड्या घालत बायका. गाडीत काळ्या काचेमागे यशोदाबाई, मांडीवर देवी. खड्डे आले, गतिरोधक आले, पूल आला. पाट तसूभर हलला नाही. प्रेमराजचा ऊर भरून आला. गिरणेच्या उतारावर त्याने गाडी थांबवली, स्वतः उतरून मागचं दार उघडलं, आणि म्हणाला, “दे आई.”

यशोदाबाईंनी पाट छातीशी धरला.

“आधी डॉक्टरले फोन लाव.”

“कोणत्या?”

“धुळाना. हाडना. सगळास्ना समोर लाव. तो माले तारीख दी, मंग मी कानबाई देसू. तोवर उतरत नही.”

डफ थांबला. बायकांनी गाण्याचं तेच कडवं पुन्हा म्हटलं, मग पुन्हा, मग त्याही गप्प झाल्या. ज्योतीने हात पुढे केले आणि मागे घेतले. हिसकायची रीत नव्हती. सगळ्या भाऊबंदकीने वळून प्रेमराजकडे पाहिलं. गाडी घेतली त्या दिवशी पाहिलं होतं, तसंच.

प्रेमराजजवळ धुळ्याचा नंबर एकच होता.

“रेंज नाही इथे,” म्हणत तो बाभळीखाली गेला, पाठ फिरवून बराच वेळ बोलला, एकदा हातही जोडले. परत आला तेव्हा फोन स्पीकरवर होता.

“बोला डॉक्टरसाहेब. आई ऐकतेय.”

फोन खाकरला. “नमस्कार अक्का. तब्येत कशी आहे?”

“कधी बदलतस खुबा?”

“बदलू ना. दिवाळी झाली की या. काळजीचं कारण नाही.” आवाज जरा थांबला. डॉक्टरला शोभेल असं आणखी काही बोलायला हवं होतं, आणि त्याच्यापाशी होतं ते एवढंच: “दोन्ही बाजूचे एकदमच बदलावे लागतात, अक्का. एक बदलला तर दुसऱ्यावर लोड येतो. दुसरा लंगडायला लागतो.”

“बघा!” कोणीतरी म्हणालं. “दोन्ही बदलणार म्हणतो. काय डॉक्टर आहे.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या. यशोदाबाई फोनकडे बघत राहिल्या.

“हाऊ डॉक्टर नही,” त्या म्हणाल्या. “हाऊ गॅरेजना रहीम शे.”

आधी कोणाला कळलं नाही. मग अभिमन हसला, आणि तो हसला म्हणून सगळे हसले. गिरणेचा काठ दणाणला. फोन केव्हाच बंद झाला होता.

“आई,” ज्योती डोळे पुसत म्हणाली, “आता तुम्हाला देवाच्या आरतीतही गॅरेज ऐकू येईल.”

“रहीम शे तो,” यशोदाबाई पुन्हा म्हणाल्या. “माले पाठ शे ती ओळ. मी दिवसभर तठेच व्हतू.”

“कोठे व्हती दिवसभर?” भागाबाईने विचारलं. “दवाखानामा ना?”

यशोदाबाईंनी प्रेमराजकडे पाहिलं. तो मागच्या चाकाची कमान रुमालाने पुसत होता, चिखलाचा एक थेंब उडाला होता तिथे.

“डॉक्टर बोलना, तारीख दिन्ही, आते काय शे तुनं?” भागाबाई वाकून म्हणाली. आता तिच्या आवाजात पाणी नव्हतं. “स्वताना हाडकासाठी देवीले ताटकळत ठेवशी का?”

मांडीवर कानबाईची नथ उन्हात चमकत होती. कण्हेर कोमेजायला लागली होती. यशोदाबाईंनी तिचा पदर नीट केला, पाट उचलला आणि भागाबाईच्या हातात दिला. आपल्या हाताने.

डफ एकदम सुरू झाला. सगळे नदीकडे धावले. दोन पुतण्यांनी म्हातारीला सीटवरून ओढून प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलं आणि खुर्ची बाभळीखाली नेली, तिथून विसर्जन चांगलं दिसतं म्हणून. विसर्जन चांगलं दिसलंही. कानबाई पाण्यात गेली, बायका ओरडल्या, प्रसादाची वाटी सगळीकडे फिरली, बाभळीपर्यंत आली नाही. मग सगळे टेम्पोत बसले, आणि जे उरले ते नाचत निघाले. टेम्पोतल्यांना वाटलं, अक्का गाडीत आहेत.

गाडीत पुढे प्रेमराज आणि शेजारी अभिमन होता. अभिमनला शेवटी एकदा ही गाडी आतून बघायची होती, आणि प्रेमराज तिचं एकेक बटण दाखवत होता. त्याने गाडी सुरू केली, तसा मागून फुस्स असा लांब आवाज झाला.

“पंक्चर का दादा?” अभिमन दचकला.

“छे! मागचं वजन कमी झालं ना. हवा सोडली तिने.” प्रेमराजचा चेहरा उजळला. “कोणी सांगावं लागत नाही. बरोबर कळतं तिला.”

“कमाल शे,” अभिमन म्हणाला, आणि या वेळी तो थट्टा करत नव्हता.

गाडी उतारावरून वर निघाली. बाभळीखाली यशोदाबाईंनी हात वर केला होता, मग थोड्या वेळाने खाली घेतला. गाडी चढावर दिसेनाशी होईपर्यंत त्यांना तिची मागची बाजू दिसत होती. एकदम सरळ, एकदम लेव्हलमध्ये.